पेरणी आणि काढणी

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला काहीही सुचू नये, अशी माझी फार मनापासून इच्छा असते. मागे त्याला सुचलं तेव्हा गच्चीवर कारंजं बसलं, आणि महिन्याभरात ते कारंजं वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याच्या छतातून थेट त्याच्या पेशंटच्या उघड्या तोंडात पडायला लागलं. पेशंटने तक्रार केली नाही, कारण त्याला तो उपचाराचाच भाग वाटला. ते असो. यंदा सेक्रेटरीला पाटी सुचली. सोसायटीतल्या घरांमधून जी माणसं पूर्वी युद्धावर गेली होती, त्यांची नावं दगडावर कोरायची आणि तो दगड फाटकाजवळच्या हिरवळीवर उभा करायचा.

सभेत हा विषय निघाला तेव्हा मी नियमाप्रमाणे डुलकी घेत होतो. आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या ऑडिटरने लगेच आपल्या सासऱ्यांचं नाव दिलं. सासरे सैन्याच्या कँटीनचे हिशेब बघायचे. पण ऑडिटर 'आघाडीवर' हा शब्द असा काही उच्चारतो की सासरे एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात पावतीपुस्तक घेऊन धावत होते असं वाटावं. सेक्रेटरीने विचारलं, "आणखी कोणी?"

तेव्हा काकू बोलली. काकू म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका गेल्यापासून ती आमच्याकडेच असते, आणि सभेला ती फक्त पंख्याखाली बसायला येते. ती म्हणाली, "आमचे हे होते की युद्धात."

"हो, पण ते मळ्यावर होते ना?" ऑडिटर म्हणाला. "भाजीच्या?"

सभा हसली. दंतवैद्यसुद्धा हसला, ज्याला हसायचा काही अधिकार नव्हता, कारण त्याच्या घरातून युद्धावर कोणी दात काढायलाही गेलेलं नाही.

आता यात ऑडिटरची चूक एवढीच की तो हे आमच्याच घरात ऐकून आला होता. काका युद्धावरून परत आले तेव्हा सगळ्यांनी त्यांना विचारलं, तिकडे केलंत काय? काका म्हणाले, "पेरणी केली. मग काढणी." बस्स, एवढंच. पुन्हा विचारलं की उठून बाहेर जायचे. माझे वडील, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, थट्टेखोर. त्यांनी ठरवून टाकलं की दादाला सैन्याच्या भाजीच्या मळ्यावर नेमलं होतं. काकांनी बरोबर एक डबा आणला होता, ताटाएवढा गोल, चपटा, जाड पत्र्याचा, वर मधोमध उंच चकती असलेला. त्याचं नाव आमच्या घरात 'बियाण्याचा डबा' असं पडलं. काका चांगले सहा फूट उंच होते, पण मातीवर उतरले की नव्या नवरीसारखी इवली इवली पावलं टाकायचे. वडील म्हणायचे, "बघा, वाफे मोडू नयेत म्हणून जपतोय." आम्ही हसायचो. काका कधी काही बोलले नाहीत, आणि गप्प बसणाऱ्या माणसाबद्दल घरात जे ठरतं तेच शेवटी खरं होऊन बसतं.

पण घरात हसणं वेगळं आणि ऑडिटरने हसणं वेगळं. मी ताडकन उठलो. "माझे काका काय होते त्याचा सरकारी पुरावा मी आणून देईन. शिक्क्यासकट," असं मी सगळ्यांना सुनावलं आणि तसाच तरातरा घरी आलो. चपला सभेतच राहिल्या होत्या. त्या आणायला बायकोला पाठवावं लागलं.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," चपला माझ्यासमोर आपटत बायको म्हणाली. "आता कुठून आणणार पुरावा? वीजबिलाची तक्रार महिन्याभरात निकालात काढता येत नाही तुम्हाला."

ही टीका अस्थानी होती. मी वीज कंपनीत तक्रार खिडकीवर बसतो हे खरं, पण तक्रार निकालात काढणं हे माझं काम नाही. ती पुढच्या खिडकीकडे पाठवणं हे माझं काम आहे, आणि ते मी इतकी वर्षं चोख केलेलं आहे.

काकू मटार सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पाटीचं तुझं तू बघ. मला त्या दगडाशी काय करायचंय? पण सैन्याच्या कचेरीत जाशील तर माझं एक काम कर."

"काय?"

"ह्यांनी तिथे केलं काय, ते विचारून ये. खरं काय ते." एक शेंग तिने उगाच दोनदा सोलली. "लग्नानंतर वर्षभर माझ्या शेजारून चालायचे रे. गप्पा मारत. युद्धावरून आले आणि पुढे चालायला लागले. बाजारात असायचे बरोबर, पिशवी धरायला. पण जरा कुठे बागेत गेलो, नदीकाठी गेलो, की हे पुढे आणि मी मागे. एकदा मी मुद्दाम शेजारी गेले, तर चारचौघांत दंडाला धरून मागे ओढलं मला. म्हणाले, माझ्या पावलावर पाऊल टाकून ये."

"काका तसे जरा जुन्या वळणाचे..."

"जुन्या वळणाचे नव्हते. भांडी घासायचे माझ्याबरोबर." तिने पुढची शेंग उचलली. "ते तिकडे होते तेव्हा मला विषमज्वर झाला होता. केस सगळे गेले. ते आले त्या दिवशी मी डोक्याला फडकं बांधून दारात उभी होते. त्यांनी बघितलं, आणि काही बोलले नाहीत. मग मला वाटलं, लाज वाटली असेल. लोक फिरायला येतात अशा ठिकाणी अशी बायको शेजारी कोण घेऊन चालेल? नंतर केस आले माझे, चांगले कमरेपर्यंत आले. पण पुढे गेलेला माणूस काही शेजारी आला नाही."

इतकी वर्षं ही बाई हे पोटात घेऊन आमच्या थट्टेत हसत होती. मला गलबलून आलं.

"लाजच वाटली असेल तर तसं सांग," काकू म्हणाली. "आता या वयात मी कोणावर रागावणार? पण कळू दे."

तेव्हापासून माझ्यासाठी पाटी मागे पडली. अर्थात सोसायटीला मी हे सांगितलं नाही, आणि सोसायटीने पाटी मागे पडू दिली नाही. जिन्यात भेटेल तो सल्ला द्यायला लागला. दंतवैद्य म्हणाला, "अर्जबिर्ज करू नका, ओळख काढा. माझ्याकडे एका कर्नलची दाढ आहे." म्हणजे त्याने ती काढली होती. पण पुढे निघालं की चुकीची काढली होती, आणि त्यामुळे ती ओळख वापरता येण्यासारखी नव्हती. सेक्रेटरी म्हणाला, "लवकर करा, दगडवाला घाई करतोय." आणि ऑडिटर म्हणाला, "अर्जाच्या तीन प्रती करा. एक मला द्या. विश्वास नाही असं नाही, पण पद्धत म्हणून."

अर्ज केला. त्यात 'कामाचे स्वरूप' असा एक रकाना होता. तो कोरा ठेवला तर अर्ज परत येतो, हे मला आतल्या अनुभवाने माहीत आहे. आम्हीच पाठवतो. आता काकांच्या कामाबद्दल आमच्याकडे त्यांच्याच तोंडचे दोन शब्द होते. तेच मी सुवाच्य अक्षरात लिहिले : पेरणी व काढणी.

उत्तर अगदी वेळेत आलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. बायकोने पाकीट फोडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर नावाची नोंद आमच्या विभागात आढळून आली आहे. रंग तपकिरी. बांधा मजबूत."

"काळेसावळेच होते," काकू म्हणाली. "पण उन्हाने झाला असेल रंग तसा."

"स्वभाव अबोल व हट्टी. ओळखीच्या माणसाखेरीज कोणास जवळ येऊ देत नाही."

"काकाच," मी म्हणालो. सरकारने माणसाची इतकी बारीक नोंद ठेवावी याचं मला खरोखर कौतुक वाटलं.

"चढावर उत्तम. ओझ्याबद्दल कुरकुर करीत नाही." बायकोचाही आवाज जरा हळवा झाला. "मात्र उजव्या मागच्या पायाने..."

इथे ती थांबली. कागद बाजूला ठेवून तिने पाकिटावरचं विभागाचं नाव वाचलं. ते 'शेती, चारा व जनावरे' असं होतं. आमचा पेरणीचा अर्ज साहजिकच तिकडे गेला होता, आणि त्या विभागात काकांच्या नावाचं एकच कोणी सापडलं होतं. ते खेचर होतं.

"लाथ नव्हते मारत," काकू शांतपणे म्हणाली आणि आत निघून गेली.

हे प्रकरण घरातच राहिलं असतं. पण पद्धत म्हणून एक प्रत ऑडिटरकडे गेली होती, तेव्हा पद्धत म्हणून तो उत्तर बघायलाही आला. संध्याकाळपर्यंत आख्ख्या सोसायटीला कळलं. सेक्रेटरीने जिन्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की जनावरांनीही देशासाठी पुष्कळ केलेलं आहे आणि पाटीवर त्यांच्यासाठी खाली बारीक अक्षरात जागा करता येईल. मुळात मी सभेत उठलो नसतो तर काकांवर ही वेळ आली नसती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

शेवटी रजा काढून मी स्वतः त्या रेकॉर्ड ऑफिसात गेलो. लांबलचक बैठी इमारत, पुढे गुळगुळीत कापलेली मोठी हिरवळ, आणि आत ओळीने खिडक्या. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने चौथीकडे, आणि चौथीने पहिलीकडे. मी मनातल्या मनात त्यांच्या कामाला दाद दिली. आमच्याकडे तिसरी खिडकी अशी पूर्णपणे टाळायची युक्ती अजून कोणाला साधलेली नाही.

सगळ्यात शेवटच्या खिडकीवर एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, हे मी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "अहो, त्या सालचे गठ्ठे दुसऱ्या इमारतीत हलवले, आणि ती इमारत कुठली ते त्या गठ्ठ्यांतच लिहिलेलं आहे. कागदावर काही मिळायचं नाही तुम्हाला. त्यांची एखादी वस्तू आहे का घरी? बिल्ला, पट्टा, काहीही. ती बघून कुठल्या पलटणीतले होते ते सांगता येतं."

घरी काकांची एकच वस्तू होती, तो बियाण्याचा डबा. त्या डब्याने आमच्याकडे कुठलं काम केलं नव्हतं? लहानपणी मी त्यावर उड्या मारून फळीवरची बिस्किटं काढायचो. पुढे तो वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला लावला. मग रद्दीवर वजन म्हणून ठेवला. मागल्या वर्षी ऑडिटरचा अंगठा सुजला तेव्हा तो आमच्याकडून मागून नेऊन वर्षभर त्यावर पाय ठेवून पेपर वाचत होता, आणि परत करताना 'जरा डुगडुगतो' अशी तक्रारही करून गेला होता. मी डबा घासूनपुसून कापडी पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघालो. बसमध्ये गर्दी होती म्हणून मांडीवर घेतला.

फाटकावरच्या शिपायाने विचारलं, "पिशवीत काय?"

"बियाण्याचा डबा," मी म्हणालो आणि काढून त्याच्यासमोर धरला.

शिपाई आधी डब्याकडे बघत होता, मग माझ्याकडे बघायला लागला, आणि बघता बघता मागे सरकायला लागला. "खाली ठेवू नका," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. सरकारी माणूस माझ्याशी इतक्या प्रेमाने आजवर बोललेला नाही. "हलवू नका. आणि असेच, असेच हळूहळू त्या गवताच्या मधोमध जाऊन उभे राहा."

मी गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही. खिडकीवर बसणाऱ्या माणसाला समोरच्याला पाठवायची जशी सवय असते तशी पाठवलं की जायचीही असते. मग भोंगा वाजला. इमारतीतून माणसं बाहेर पळाली आणि पलीकडच्या भिंतीआडून डोकावायला लागली. कोणीतरी कर्ण्यावरून ओरडून सांगितलं की माझ्या हातात सुरुंग आहे, जमिनीत पुरतात तो, तरी मी घाबरू नये.

आता तुम्हीच सांगा. उन्हात, हिरवळीच्या मधोमध, हातात सुरुंग घेऊन उभ्या असलेल्या माणसाने घाबरू नये तर काय करावं? माझ्या डोळ्यांसमोरून त्या डब्याचा सगळा इतिहास सरकत गेला. मी मारलेल्या उड्या. आपटणारं दार. ऑडिटरचा अंगठा. त्यातही अंगठ्यापाशी मी जरा जास्त वेळ थांबलो, खोटं कशाला बोलू. नाकावर माशी बसली होती आणि ती हाकलायला हात मोकळा नव्हता. त्यातच भिंतीआडून त्या चष्मेवाल्या बाईंचा आवाज आला, "साहेब, वस्तू आणलीत का?"

बऱ्याच वेळाने एक जाडजूड पोशाख घातलेली अधिकारी बाई आली. ठेंगणीशी, पन्नाशीकडे झुकलेली. एकेक पाऊल बघून टाकत ती माझ्यापर्यंत पोचली, डबा माझ्या हातातून न घेताच खालून वाकून बघितला, एका भोकात बोट घातलं आणि मग तोंडावरची काच वर केली.

"रिकामा आहे," ती म्हणाली. "कधीचाच. कुठे मिळाला तुम्हाला?"

"काकांचा आहे. बियाण्याचा डबा." माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. "ते युद्धात पेरणी करायचे. पेरणी आणि काढणी."

ती अशी काही हसली की भिंतीआडच्या लोकांना धडकीच भरली असेल. "अहो, सुरुंगच पेरतात ना. पेरणी आणि काढणी. आम्ही अजून तेच म्हणतो. इंजिनियर पलटणीतले होते तुमचे काका."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. 'सुरुंग पेरले' हे शब्द मी पेपरात शंभरदा वाचले असतील. पण घरातल्या माणसाने 'पेरणी' म्हटलं की आम्हाला दिसली कोथिंबीर.

"चला बाहेर," ती म्हणाली. "मी पुढे होते. माझ्या पावलावर पाऊल टाकून या. इकडे तिकडे नाही."

मी जागचा हललो नाही. "काय म्हणालात?"

"पावलावर पाऊल. मी जिथून आले ती जागा बघितलेली आहे, बाकीची नाही. इथे गवतात काही नाही हे मलाही माहीत आहे. पण सवय आहे ही, मोडत नाही. मातीवर उतरलं की आपोआप पुढे होते मी. घरचे वैतागतात. माझी मुलगी तर म्हणते, आई, आपण बागेत आलोय, रांगेत नाही."

मी तिच्या मागून निघालो. तिची पावलं लहान आणि माझी ढांग मोठी, त्यामुळे मी दोनदा धडपडलो. चालता चालता, पाठमोरीच, ती सांगत होती. पेरणी सोपी असते, आपली आपण नकाशावर मांडलेली. काढणी वाईट. ती दुसऱ्याने पेरलेल्याची. एक जण पुढे जातो, सळईने जमीन टोचत. बाकीचे सगळे त्याच्या पावलावर पाऊल टाकतात. "चुकलं तर त्याचं चुकतं, मागच्यांचं नाही," ती म्हणाली. "जुन्या पलटणींत रीत होती. काढणी संपली की शेवटचा सुरुंग रिकामा करून पुढे चालणाऱ्याला द्यायचे. हा डबा तोच असणार."

हिरवळ संपली आणि पायाखाली फरशी आली. तेव्हा ती पुढून माझ्या शेजारी आली आणि आम्ही बरोबरीने चालत इमारतीत गेलो. ते माझ्या लक्षात आलं. काकूला बाजारात शेजारी घेऊन चालणारा माणूस मला दिसला, हातात पिशवी धरलेला.

त्यानंतर पंचनामा झाला. त्यात माझं वर्णन 'घाबरलेल्या चेहऱ्याचा इसम' असं केलं आहे. ते बदलून घ्यायचा मी खूप प्रयत्न केला, पण पंचांनी ते पाहिलेलं होतं. सुरुंग बसमधून मांडीवर आणल्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली. मात्र त्याच ताकिदीत अधिकारी बाईंनी एक ओळ घातली : सदर वस्तू इसमाच्या काकांस, इंजिनियर पलटणीत काढणीच्या कामी पुढे चालल्याबद्दल, मिळालेली दिसते. खाली गोल शिक्का.

घरी आलो तेव्हा काकू खिडकीत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. शिपाई, भोंगा आणि माशीसुद्धा. माशीला ती हसली. मग पुढे चालणाऱ्या माणसाचं सांगितलं, आणि ती हसायची थांबली.

"म्हणजे माझी लाज नव्हती," ती म्हणाली.

"नाही काकू."

"केसांचं नव्हतं काही."

"नाही. मातीवर तुला पुढे कसं होऊ देतील?"

"पुढच्यास ठेच, मागचा शहाणा," ती हळूच म्हणाली. "म्हणायचे कधीकधी, मी फुगून बसले की. मला वाटायचं टोमणा मारतात. मी दोन-दोन दिवस बोलायची नाही रे त्यांच्याशी." डोळे पुसून ती उठली आणि डबा मागून घेतला. त्या दिवसापासून तो तिच्या उशाशी आहे. रद्दीवर आता आम्ही वीट ठेवतो.

ऑडिटर शिक्का बघायला आलाच. ताकीद त्याने उलटसुलट करून वाचली आणि म्हणाला, "शिक्का खरा आहे. पण पाटीवर 'पेरणी व काढणी' असं नको. शेतीची भाषा वाटते ती."

"तुमचा अंगठा कसा आहे?" बायकोने विचारलं.

"बरा आहे. का?"

तिने त्याला वर्षभर त्याचा पाय कशावर होता ते सांगितलं. ऑडिटर खुर्चीवर बसला, लगेच उठून खुर्चीखाली वाकून बघितलं, आणि मग पुन्हा बसला. पाण्याचा ग्लास संपल्यावर तो म्हणाला की पेरणी व काढणी हे शब्द उत्तम आहेत आणि त्याच्या सासऱ्यांच्या वर कोरायलाही त्याची हरकत नाही.

पाटीच्या दिवशी सेक्रेटरीला आणखी एक गोष्ट सुचलेली होती. दगड उठून दिसावा म्हणून त्याने आदल्या आठवड्यात सगळी हिरवळ खणून नवी लावायला काढली होती, आणि गवत आलं नव्हतं. फाटकापासून दगडापर्यंत नुसती ओली माती, ढेकळं आणि पाइपांचे खड्डे. पाहुणे फरशीच्या कडेला चपला हातात घेऊन उभे होते. सेक्रेटरी फळ्या आणायला गेला तो परत आला नाही.

काकू माझा दंड धरून उभी होती. मी म्हणालो, "थांब, मी पुढे होतो. माझ्या पावलावर पाऊल टाकून ये."

तिने माझ्याकडे बघितलं, दंड सोडला आणि मान हलवली. मी जपून चालायला लागलो. जमीन घट्ट आहे ना ते बघायचं, पाय दाबायचा, पुढचं पाऊल. चार-पाच पावलं गेलो असेन, तोच मागून हाक आली.

"अरे, थांब. पोचत नाही मी. केवढी ढांग तुझी."

मी वळलो. माझ्या दोन पावलांच्या मधे ती चिखलात अडकून उभी होती.

"ह्यांच्या मागून चालताना कधी असं व्हायचं नाही," ती म्हणाली. "प्रत्येक पाऊल बरोबर माझ्या पायाखाली यायचं. आणि ते तर तुझ्याहून उंच."

मग ती खाली चिखलातल्या माझ्या पावलांकडे बघत राहिली.

"माझ्या मापाची टाकायचे रे," ती म्हणाली. "आणि तुम्ही सगळे हसायचात. मीसुद्धा हसायची."

मी दोन पावलं मागे आलो, वळलो आणि पुन्हा निघालो, यावेळी इवली इवली पावलं टाकत. मागून तिचा श्वास ऐकू येत होता आणि माझं पाऊल उठलं की तिथे तिचं पाऊल पडत होतं. फरशीवरून कोणीतरी हसलं, बहुतेक दंतवैद्य. अर्ध्या वाटेवर मी मागे वळून बघितलं, तर काकूच्या मागे, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, ऑडिटरही आमच्याच पावलांवर पाऊल टाकत येत होता.